शिल्लक कुठे मोजायची?

सरकारने आपल्या कारभाराचे समर्थन करावे, ही काही लोकशाहीने आणलेली रीत नव्हे. इंग्रजांचे हिंदुस्थान सरकार ‘नैतिक आणि भौतिक प्रगती’चा अहवाल तयार करी आणि तो नेमाने ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला जाई. रेल्वेचे मैल, कालवे, व्यापार, कायदा आणि सुव्यवस्था, सारे त्यात आकड्यांनी मांडलेले असे. ते आकडे बनावट होते असेही नाही. सोलापूरला रेल्वे 1860 मध्ये आली होतीच. तरीही 1876 चा दुष्काळ पडला तेव्हा सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत सोलापूर होते. रूळ दारात होते, पण धान्य विकत घ्यायला रयतेच्या गाठीला पैसा नव्हता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्या वेळी दुष्काळी भागांतून माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. कारभार मोजायचा तर तो सरकारी दप्तरात नव्हे, रयतेच्या चुलीपाशी, हा विचार आपल्याकडे रुजू लागला तो अशा नोंदींतून.

पुढे 26 मार्च 1902 रोजी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळातल्या आपल्या अंदाजपत्रकावरच्या पहिल्याच भाषणात तो विचार धारदार केला. सरकार शिलकी अंदाजपत्रकाकडे सुबत्तेची खूण म्हणून बोट दाखवत होते. गोखल्यांचा मुद्दा असा की दुष्काळ आणि प्लेगने पिचलेल्या देशात तिजोरी भरते, याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त घेतला जातो. तीच शिल्लक, पण मोजण्याची जागा बदलली की भूषणाचे दूषण होते. सुरक्षेचेही तेच. मे 1930 मध्ये सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिले गेले. सरकारच्या लेखी शहर शांत झाले होते. त्या शांततेत शहर कुठे होते, एवढेच विचारायचे राहिले.

स्वतंत्र भारतातल्या केंद्र सरकारांचे समर्थन करायचे तर रयतेची चूल आणि तिची सुरक्षा याच दोन कसोट्यांवर करावे, आणि माझ्या मते ते करता येते. 1972 चा दुष्काळ महाराष्ट्रात भीषण होता. खडी फोडायला माणसे लाखांनी कामावर आली, मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. मिलो कोणाला गोड लागला नाही, पण 1876 सारखी प्रेतांची रास पडली नाही. राज्याने कामे काढली आणि बाहेरून आलेले धान्य गावोगाव पोचवले गेले, हे त्यामागचे कारण. त्याच अनुभवातून महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये झाला, 2005 मध्ये केंद्राने तशी हमी देशभर दिली आणि 2013 मध्ये अन्नसुरक्षेचा कायदा आला. मायबाप सरकारची मेहेरबानी होती ती मागता येण्याजोगा हक्क झाली. ही वाट चालायला शंभरावर वर्षे लागली, पण चाललो हे खरे.

विजेचेही उदाहरण घ्या. यंत्रमागावरचा कामगार उक्त्या मजुरीवर असतो. लाइट गेली की धोटा थांबतो आणि धोट्याबरोबर मजुरीही. जुलै 2012 मध्ये उत्तर, पूर्व आणि ईशान्येकडची ग्रिड कोसळून निम्मा देश अंधारात गेला तेव्हा ऊर्जामंत्री सोलापूरचेच सुशीलकुमार शिंदे होते. ती नामुष्की खरीच. पण 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे ग्रिड उरलेल्या देशाला जोडले गेले. ऑगस्ट 2014 मध्ये ती देशाला अर्पण केली नव्या पंतप्रधानांनी, नरेंद्र मोदींनी. एकाने ओढलेल्या तारेची फीत दुसऱ्याने कापली, म्हणून तारेतली वीज कमी होत नाही.

घरकुलांचा इतिहास याहून बोलका आहे. विडी वळणारी बाई ज्या खोलीत राहते तिथेच तंबाखूचे सूप मांडीवर घेऊन बसते. पाने कापायची, हजार विड्या पुऱ्या करायच्या, त्यातली छाट निघाली की मजुरी घटायची. तिला स्वतःचे घर म्हणजे तंबाखूच्या धुळीपासून चार हात दूर निजायची सोय. सोलापूरजवळ कुंभारीच्या माळावरच्या दहा हजार घरांच्या वसाहतीसाठी 2006 मध्ये मनमोहन सिंग आले. रे नगरच्या तीस हजार घरांची पायाभरणी जानेवारी 2019 मध्ये मोदींनी केली आणि जानेवारी 2024 मध्ये त्यांतली पंधरा हजार घरे त्यांच्याच हस्ते कामगारांना मिळाली. दोन्ही वेळा मागणी लावून धरली ती कम्युनिस्ट नेते नरसय्या आडम यांच्या लाल बावट्याने.

यावर कोणी म्हणेल, मग श्रेय चळवळीचे, सरकारचे कसले? चळवळीचे श्रेय पहिलेच. पण सार्वजनिक सभेने अर्ज केले तेव्हा ते स्वीकारायचे की नाही हे परक्या सरकारच्या मर्जीवर होते. विरोधकाची मागणी सत्ताधाऱ्याला आपली योजना करावी लागते, हेच या राज्यव्यवस्थेचे बलस्थान. दुसरा आक्षेप असा की हे तर सरकारचे कर्तव्यच, त्याचे कौतुक काय! कौतुक नकोच, नोंद हवी. झालेले काम जो मांडून ठेवत नाही त्याला राहिलेल्या कामाचा जाबही नीट विचारता येत नाही. सुरक्षेच्या नावाखाली स्वतंत्र भारतातही 1975 च्या आणीबाणीत तुरुंग भरले, हा आक्षेप सर्वांत जड. त्याला समर्थन नाही. एवढेच की 1977 मध्ये मतदारांनी ते सरकार खाली खेचले. 1930 च्या सोलापूरला तो मार्ग नव्हता. आणि गिरण्यांचे भोंगे बंद पडले, शिकलेली पोरे पुण्याची गाडी धरतात, याला माझ्याकडे उत्तर नाही. राष्ट्रीय उत्पन्नाचा वाढता आकडा हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही, हे गोखल्यांनीच शिकवून ठेवले आहे.

आज मात्र समर्थनाची रीत पुन्हा त्या जुन्या अहवालांकडे झुकते आहे. एक बाजू म्हणते 2014 च्या आधी काही झालेच नाही, दुसरी म्हणते नंतर काही झाले नाही. दोघेही आपल्या सालापासून कोरी वही उघडतात आणि मागची शिल्लक पुढे ओढतच नाहीत. असा जमाखर्च किराणा दुकानातही चालत नाही. उजनी धरणाची साठवण क्षमता 117 टीएमसी, ही सरकारी वहीतली नोंद. सोलापूरच्या नळाला वर्षानुवर्षे काही दिवसांआड येणारे पाणी, ही घरातल्या पिंपावरची. पहिली नोंद खोटी नाही आणि दुसरी द्वेषाची नाही. दोन्ही शेजारी मांडायची ज्याची तयारी आहे, त्यानेच सरकारची बाजू घ्यावी. मग ती ऐकली जाईल.