बिघाडाआधीचा प्रश्न

कर्नाटकच्या सीमेलगतच्या वळसंगसारख्या गावात लोहाराच्या भट्टीला भात्याऐवजी आता विजेचा ब्लोअर दिसतो. तो लागला नाही की भोवती उभ्या असलेल्यांचं निदान ठरलेलं असतं : मोटर जळली! जाणता कारागीर मात्र मोटरीला सगळ्यात शेवटी हात घालतो. बोर्डात वीज आहे का, शिवारात पंप चालू झाल्यामुळे व्होल्टेज पडलंय का, हे तो आधी बघतो. मग पिन, वायर, बटण. मग वीज तोडून पातं हाताने फिरवतो. राखेनं, धुळीनं ते अडकलेलं असू शकतं. कार्बन झिजलेत का, बेअरिंग धरलंय का, हे त्यानंतर. फुकटात कळणारं आधी तपासायचं आणि पैसे मोडायला लावणारं नंतर, एवढाच त्याचा नियम.

निदानाची अशीच घाई दुसरीकडेही होते. थंडीच्या देशांत घर ऊबदार ठेवायला लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालणारी शेगडी वापरतात. खोलीत गरम हवा सोडणारा तिचा पंखा बहुधा बटण दाबताच लागत नाही. शेगडीचं अंग पुरेसं तापलं की मगच आतला एक छोटा स्विच त्याला वीज देतो. नवखा माणूस घाईनं पंखा खोलून बसतो आणि पंख्यात सापडत काहीच नाही.

गोळ्यांवरच्या शेगडीचा मोठा प्रयोग आपल्याकडेही झाला, पण स्वयंपाकासाठी. बीपी कंपनीनं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साहाय्यानं २००६ मध्ये ‘ऊर्जा’ शेगडी बाजारात आणली. शेतातल्या टाकाऊ मालाच्या गोळ्या, चार्ज होणाऱ्या बॅटरीवरचा इवलासा पंखा आणि चुलीपेक्षा खूप कमी धूर. २००९ मध्ये हा व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जीकडे गेला. सुमारे ४ लाख शेगड्या विकल्या गेल्या, तरी पुढे बहुतेक घरांतून ती मागे पडली. त्याचं एक मोठं कारण शेगडीच्या बाहेर होतं. कच्चा माल महागला, तशा गोळ्याही महागल्या आणि गृहिणीचा हिशेब बसेना. पंखा कितीही चांगला असला, तरी गोळ्यांचा भाव काही त्याच्या हातात नव्हता.

माणसांच्या बाबतीतही आपण बाहेरचं कारण न बघता पंखा खोलायची घाई करतो. वळसंगच्या या सीमेलगतच्या पट्ट्यात कितीतरी घरांत कन्नड बोलतात. अशा घरातलं पोर मराठी शाळेत पहिले काही महिने तोंड उघडत नाही. त्याला ‘ढ’ ठरवायला कुणाला वेळ लागत नाही. मोटर जळल्याचा निकाल तिथंही तयारच असतो. पण एखाद्या बाईंनी त्याला कन्नडमध्ये ‘ऊट आयता?’ म्हणून जेवणाचं विचारलं, की तेच पोर घरच्या म्हशीपासून आजीच्या दुखण्यापर्यंत सगळं सांगत सुटतं. बुद्धी त्याच्याकडे पहिल्यापासून होती. तिच्यापर्यंत आपलेपणा पोचायचा राहिला होता.

घरात, कचेरीत, शेतात आज कुणी अडलेलं, गप्प झालेलं दिसलं, तर ‘याचं काय बिघडलंय?’ हे जरा थांबून विचारावं. त्याआधी स्वतःला विचारावं, याच्यापर्यंत काय पोचलेलं नाही? पुष्कळदा पाना-पक्कड काढायची वेळच येत नाही.