अनिकेत गृहस्थ

मनुष्य ज्या स्थळी वाढतो, त्या स्थळाशी त्याचे मन नकळत बांधले जाते. अंगणातील तुळस, ग्रामदैवताच्या देवळातील घंटा, हाक मारताच ओ देणारा शेजार यांविषयीची ममता दोषास्पद नव्हे; ते कृतज्ञतेचेच एक रूप आहे. परंतु उपजीविकेसाठी गृहस्थाला कधी दूरदेशी जावे लागते, आणि त्याच्याबरोबर सर्व कुटुंबालाही. तेथे गेल्यावर मन कशातच रमेनासे होते. या अवस्थेला पुष्कळदा वैराग्य असे नाव दिले जाते. ते नाव यथार्थ आहे काय, हा येथे विचारार्ह प्रश्न आहे.

साताऱ्याकडील एखादे कुटुंब घ्यावे. मुलाला बेंगळुरूस नोकरी लागते, आणि वृद्ध आईला मागे एकटी ठेवू नये म्हणून तो तिला बरोबर नेतो. हेतू शुद्ध असतो, घरात उणे काही नसते. तरी महिन्याभरात आई अबोल होते. सकाळी लवकर उठण्याचे कारण उरत नाही, जेवणात चव लागत नाही. मुलाने विचारले की ती म्हणते, "बाळा, आता कशात मन नाही रे. देवाचे नाव घ्यावे आणि पडून राहावे, एवढेच बरे." मुलाला वाटते, आईचे वय झाले, तिची वृत्ती परमार्थाकडे वळली; आणि तो निश्चिंत होतो. येथेच मोठी चूक घडते. जिला आधाराची गरज आहे, तिला विरक्त ठरवून सर्वजण आपापल्या कामाला लागतात.

गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना 'उदासीन' आणि 'अनिकेत' हे दोन शब्द आले आहेत. व्यवहारात आपण खिन्न माणसाला उदास म्हणतो. गीतेतील उदासीन पुरुष मात्र पक्षपातरहित आहे, आणि त्याच्या शेजारीच 'गतव्यथ', म्हणजे ज्याची व्यथा गेली आहे असा, हे विशेषण बसविले आहे. अनिकेत म्हणजे ज्याला घर नाही असा, हा केवळ शब्दार्थ झाला. घर असूनही ज्याची बुद्धी घराच्या भिंतींत अडकलेली नाही, तो गृहस्थही अनिकेतच होय. म्हणूनच त्याला स्थिरबुद्धीचाही म्हटले आहे. ज्याचे घर सुटले पण मन तेथेच फिरत राहिले, त्याला अनिकेत कसे म्हणावे?

खिन्नता वैराग्याचे वस्त्र पांघरून येते, हे स्वतः अर्जुनाच्या उदाहरणावरून दिसते. रणांगणावर त्याने राज्य नको म्हटले, भिक्षा बरी म्हटले. शब्द संन्याशाचे होते, पण गात्रे थरथरत होती. भगवंतांनी त्या शब्दांचा गौरव न करता त्याला कर्तव्याकडे वळविले.

बेंगळुरूशी जडलेल्या मराठी इतिहासातही हाच धडा सापडतो. 1636 साली निजामशाही संपल्यावर शहाजीराजे विजापूरच्या सेवेत गेले. 1638 साली रणदुल्लाखानाच्या स्वारीत बंगळूर विजापूरकरांच्या हाती आले व पुढे ते राजांना जहागीर म्हणून मिळाले. वेरूळ-पुण्याकडच्या या पुरुषाने तेथे दरबार भरविला. जयराम पिंड्ये याच्या 'राधामाधवविलासचंपू' या ग्रंथात त्या दरबाराचे दर्शन घडते. अनेक भाषांतील रचना त्यात आहेत. जिजाबाई आणि बाल शिवाजी तेथे काही काळ राहून पुण्यास परतले. शहाजीराजे मात्र 1664 साली कर्नाटकातच होदिगेरे येथे निवर्तले, आणि त्यांची समाधी तेथेच आहे. एकाच कुटुंबात एकाचे कर्तव्य राहण्यात होते, दुसऱ्याचे परतण्यात. जाणे किंवा परतणे यांपैकी काहीच स्वभावतः धर्म वा अधर्म नाही.

याच राजांचे पुत्र व्यंकोजीराजे पुढे तंजावरचे अधिपती झाले. 1677 सालच्या दक्षिण-स्वारीत थोरल्या बंधूंशी झालेल्या संघर्षानंतर त्यांचे मन खचले. शिवाजी महाराजांनी त्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. देहाची हेळसांड होते, सणवार होत नाहीत, सैन्य रिकामे बसले आहे, हे ऐकून महाराजांनी धाकट्या भावाला समजावले की वैराग्य उतारवयात करावे, आज पुरुषार्थ करावा. त्या खिन्नतेचे कारण स्थलांतर नव्हते हे खरे; पण सणवार सुटणे, अन्नवस्त्रावरून मन उडणे, हाताखालचे काम पडून राहणे, ही लक्षणे साताऱ्याहून आलेल्या त्या माउलीचीच आहेत. आणि थोरल्या भावाने ती पाहून 'विरक्त झाला' असे म्हणून सोडून दिले नाही, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

मग दोहोंतील भेद ओळखावा कसा? वैराग्याने मन हलके होते व सेवेला हात मोकळे होतात. खिन्नतेने मन जड होते व हात गळतात. विरक्ताच्या मुखी तुलना नसते. खिन्नाच्या मुखी 'आमच्याकडे असे नव्हते' हे वाक्य वारंवार येते.

तयारी निघण्यापूर्वीच करावी. देणी फेडावीत, ज्यांच्याशी अबोला आहे त्यांच्या घरी जाऊन यावे, जड सामान गरजवंतास द्यावे. वृद्धांना केवळ निर्णय कळवू नये, त्यांचा विचार घ्यावा. देवघरातील मूर्ती व तुळशीचे रोप कोणी सांभाळून न्यायचे, हे त्यांच्यावर सोपवावे. पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी देवपूजेची वेळ ठरावी. नित्यनियम हे असे घर आहे, की ते बरोबर नेता येते.

त्यानंतर नव्या भूमीचे ऋण मानावे. जिचे अन्नपाणी घ्यायचे, तिची भाषा न शिकणे ही कृतघ्नता होय. आईला आराम देण्याच्या नावाखाली तिचे काम काढून घेऊ नये. तिला भाजी आणावयास बरोबर न्यावे. दोडक्याला येथे हिरेकाई म्हणतात, शेपूला सब्बसिगे सोप्पु म्हणतात, हे ती शेजारणीकडून शिकेल, आणि नातीला शिकवील. कार्तिकातील शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. तेथे तिला न्यावे. पुरंदरदासांची पदे ऐकताना प्रत्येक पदाच्या शेवटी विठ्ठलाचे नाव तिच्या कानी पडेल. पंढरीचा देव येथे आपल्या आधीच येऊन राहिला आहे, हे तिला कोणी समजावून सांगण्याची गरज उरणार नाही.

पूजेच्या संकल्पात गृहस्थ देश व काल यांचा उच्चार करतो. पुण्या-साताऱ्याकडे तो आपले स्थान दंडकारण्यात, गोदावरीच्या दक्षिण तीरावर असल्याचे सांगतो आणि शालिवाहन शक म्हणतो. कर्नाटकातील कितीतरी घरांत हाच उच्चार होतो. गाडीने दिवसभर प्रवास करूनही मनुष्य संकल्पातील त्याच तीरावर राहतो. गुढीपाडवा व युगादी एकाच दिवशी येतात. त्या दिवशी कन्नड घरांत कडुनिंब आणि गूळ एकत्र करून खातात व त्याला बेवु-बेल्ला म्हणतात; वर्षात येणारे सुखदुःख सारख्याच मनाने स्वीकारावे, हा त्यातील भाव. मराठी घरांतही कडुनिंब गुळाबरोबर खाण्याची रीत आहेच. त्या सकाळी आईने आपल्या हाताने तो प्रसाद करून शेजारच्या दारी नेला, तर मुलाने समजावे की आई आता बेंगळुरूस पोहोचली.