परत आलेल्याचा वीरगळ

महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत देवळाच्या आवारात किंवा वेशीपाशी वीरगळ उभे असतात. बहुतेकांची रचना सारखीच. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यांत वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर समुद्रातली लढाई आहे, वल्ही मारणाऱ्या माणसांच्या रांगा आहेत. हे दगड खालून वर वाचायचे असतात, आणि त्यांचे सांगणे सरळ आहे: रणात मरण आले की पुढे देवाचे दार. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनापुढे दोन शक्यता ठेवतो, मेलास तर स्वर्ग आणि जिंकलास तर पृथ्वीचे राज्य. वीरगळाने त्यातली पहिली कोरून ठेवली. जो लढला आणि जिवंत घरी आला, ज्याने पुन्हा नांगर धरला, मुलींची लग्ने केली आणि म्हातारपणी अंथरुणावर प्राण सोडला, त्याच्यासाठी अशी परंपरा नाही.

प्रश्न दगडापुरता असता तर सोडून देता आला असता. पण आपण माणसाचे मोल कशावर ठरवतो, हे त्यातून दिसते. एखाद्याचे चार दिवस रणांगणावर गेले आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षे घरात, तर स्मरण कशाचे करायचे? नेहमीचे उत्तर असे की चार दिवसांचे, कारण संसार काय सगळेच करतात. मला हे उत्तर अपुरे वाटते, आणि आपल्याच धर्मग्रंथांच्या विरुद्ध जाणारे वाटते. रणातून परतून नेटाने संसार करणे हे शौर्यामागच्या त्याच धर्माचे आचरण आहे, तेही जास्त लांब पल्ल्याचे, असे माझे म्हणणे आहे.

रामा राघोबा राणे यांचे उदाहरण घेऊ. कारवारजवळच्या चेंडिये गावी १९१८ मध्ये जन्मलेले राणे १९४० मध्ये बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले आणि ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या फौजेपुढचा रस्ता मोकळा करण्याचे काम सेकंड लेफ्टनंट राणे यांच्याकडे आले. रस्त्यात सुरुंग पेरलेले, झाडे तोडून आडवी टाकलेली, वरच्या टेकड्यांवरून मारा चाललेला. ८ एप्रिलला काम सुरू होते न होते तोच त्यांच्या तुकडीतले दोघे ठार झाले आणि पाच जखमी. त्या पाचांत राणे स्वतः होते. तरी ते मागे हटले नाहीत. एका टप्प्यावर ते रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि रणगाडा सरकेल तसे त्याच्याबरोबर सरपटत पुढे गेले; चालकाला थांबायची आणि निघायची खूण करायला हातात दोर. काही दिवसांत वाट मोकळी झाली आणि फौज राजौरीत पोचली. परमवीर चक्र हयातीत मिळालेले ते पहिले. हे सगळे तारीखवार नोंदलेले आहे. त्यानंतर राणे सेहेचाळीस वर्षे जगले. १९५५ मध्ये लग्न, मग मुलेबाळे, मेजर म्हणून निवृत्ती, १९९४ मध्ये पुण्यात निधन. इतकी वर्षे दोन ओळींत आटोपतात. कारवारला त्यांचा पुतळा आहे, अंदमानातल्या एका बेटाला २०२३ पासून त्यांचे नाव आहे, आणि दोन्ही योग्यच आहे. पण एप्रिलमधले ते काम नीट पाहावे. ते मुख्यतः मारण्याचे काम नव्हते. मागून येणाऱ्यांना धोका न होता पुढे जाता यावे, म्हणून स्वतः आधी धोक्यात उतरण्याचे होते. घर चालवणारा माणूस आयुष्यभर याहून निराळे काय करतो?

परमवीर चक्र आजवर एकवीस जणांना मिळाले, त्यातल्या चौदा जणांना मरणोत्तर. पदकाचा आराखडा केला सावित्री खानोलकर यांनी. जन्माने त्या युरोपीय, लग्नाने मराठी घरातल्या आणि पुराणांचा दांडगा अभ्यास असलेल्या. त्यांनी पदकावर इंद्राचे वज्र घेतले, म्हणजे दधीचींच्या अस्थींची कथा घेतली. वृत्रासुराला मारायला शस्त्र हवे म्हणून ऋषीने देह ठेवला आणि त्याच्या हाडांचे वज्र झाले. बलिदानाचे याहून उंच प्रतीक आपल्याकडे नाही. तरी पुराणे इथे थांबलेली नाहीत, हे आपण सोयीने विसरतो. दधीचींना पत्नी होती. तिचे नाव वेगवेगळ्या पुराणांत वेगवेगळे येते, पण कथा येतेच. देव अस्थी मागायला आले तेव्हा ती आश्रमात नव्हती. परतल्यावर तिला जे दिसले त्याने ती देवांवर भडकली. तिचा मुलगा पिप्पलाद पिंपळाखाली वाढला, आणि मोठा झाल्यावर बापाच्या मरणाचा जाब विचारायला देवांवरच उठला. पुराणकारांनी बलिदान गायले आणि त्याची किंमत ज्या घराने मोजली त्या घराचा रागही लिहून ठेवला. देहदान करणारा ऋषी कुणाचा तरी नवरा आणि कुणाचा तरी बाप होता, हे त्यांना वगळावेसे वाटले नाही.

महाभारताने तर हा प्रश्न थेट हाती घेतला आहे. गीता आपण युद्धाच्या तोंडावर वाचतो. युद्धानंतरचे वाचायचे तर शांतिपर्व उघडावे लागते. कर्ण आपला सख्खा मोठा भाऊ होता हे कळलेला युधिष्ठिर राज्य नको म्हणतो, वनात जातो म्हणतो. इथे त्याला अडवायला कृष्णाच्या आधी घरातली माणसे उभी राहतात. भीम रागावतो. द्रौपदी त्याला वनवासात भावांना दिलेल्या शब्दाची आठवण करून देते. नकुल सांगतो की जाणत्यांनी आश्रम तोलून पाहिले तेव्हा एका पारड्यात उरलेले तिन्ही आणि दुसऱ्यात एकटा गृहस्थाश्रम, असे तोल सारखे झाले. आणि अर्जुन, ज्याच्या बाणांनी कुरुक्षेत्र भरले तोच, एक जुनी गोष्ट सांगतो. मिसरूडही न फुटलेली काही ब्राह्मण मुले घर सोडून अरण्यात तप करायला गेली. इंद्र सोन्याच्या पक्ष्याचे रूप घेऊन आला आणि उरलेले अन्न खाऊन राहणाऱ्यांची स्तुती करू लागला. मुलांना वाटले, ही आपलीच स्तुती. पक्षी म्हणाला, तुमची नव्हे. देव, पितर, अतिथी आणि घरची माणसे जेवल्यावर मागे जे उरते ते जो खातो, त्याच्याविषयी मी बोलतो आहे, आणि त्याचे तप सर्वांत कठीण. मुले उठली आणि घरी गेली. ही गोष्ट महाभारताने कुणा गुरूच्या तोंडी घातलेली नाही. रणातून वाचून आलेल्या, पोटचा मुलगा त्याच रणात गमावलेल्या योद्ध्याच्या तोंडी घातली आहे, आणि माझ्या मते जाणूनबुजून. युद्ध पाहिलेल्या माणसालाच कळते की सगळ्यांना वाढून शेवटी आपण जेवायला बसणे यात किती शौर्य लागते.

धर्मशास्त्राने परत येण्याला किती गंभीरपणे घेतले आहे, हे मेजर धनसिंग थापा यांच्या हकिगतीवरून कळते. २० ऑक्टोबर १९६२ रोजी लडाखमध्ये पँगाँग सरोवराजवळच्या सिरिजाप चौकीवर चिनी हल्ला झाला. थापा पडले असे समजून त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र जाहीर झाले, घरी अंत्यविधी झाले, पत्नी विधवेचे जिणे जगू लागली. मग कळले की ते चिन्यांच्या कैदेत जिवंत आहेत. ते घरी आले तेव्हा नुसते दार उघडून आत घेऊन भागले नाही. ज्याचे अंत्यविधी झाले त्याला जन्मापासूनचे संस्कार पुन्हा करावे लागतात, असे शास्त्र आहे. त्याप्रमाणे त्यांचे नाव पुन्हा ठेवले गेले आणि त्याच पत्नीशी पुन्हा लग्न लागले. काहींना हा कर्मठपणा वाटेल. मला त्यात खोल समज दिसते. मरणाच्या तोंडातून आलेला माणूस आपोआप पूर्वीचा नवरा आणि पूर्वीचा बाप होत नाही. ते नाते त्याला पुन्हा पत्करावे लागते, अग्नीसमोर, साक्षीदारांसमोर. युद्धाहून परतलेल्या प्रत्येकाला हे करावे लागते. बाकीच्यांना त्यासाठी भटजी मिळत नाही, एवढाच फरक.

यावर एक जुना आणि वजनदार आक्षेप आहे. मोह तोडणे हाच तर गीतेचा उपदेश. आप्तांच्या मायेने अर्जुनाचे धनुष्य गळून पडले आणि ती माया दूर सारूनच तो उभा राहिला. मग कुटुंबवत्सल हे विशेषण वीराच्या बाबतीत दुबळेपणाचे नाही का? पण कृष्णाने अर्जुनाला माणसे सोडायला सांगितलेली नाहीत, फळाची हाव सोडायला सांगितली आहे. कर्म करीत सिद्धी मिळवलेल्यांत तो नाव घेतो जनकाचे, म्हणजे एका गृहस्थ राजाचे. आणि महाराष्ट्राने हा वाद कधीच निकालात काढला आहे. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार. स्वामी समाधीत असताना किल्ल्यावर शत्रू आला, तेव्हा नाथांनी गुरूंचा वेश आणि चिलखत चढवून लढाई मारली, अशी आख्यायिका आहे. पुढे गुरूंच्याच आज्ञेने ते पैठणला राहिले, लग्न केले, संसार केला. आज नाथ आठवतात ते त्या लढाईमुळे नव्हे. तहानेल्या गाढवाला गंगाजल पाजणारे, श्राद्धाचे अन्न भुकेल्यांना वाढणारे, लिहिता लिहिता घर चालवणारे नाथ आपल्याला आठवतात. लढाई चरित्रात आहे, एका कोपऱ्यात. तिची जागा तेवढीच असावी, असे या भूमीने एकदा ठरवलेले आहे.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे आणि तो मी मानतो. परतलेल्यांच्या संसाराचे इतके गुणगान केले तर न परतलेल्यांचे काय? माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडले, बाविशीत. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढच्याच वर्षी इटलीतच सेनियो नदीवर संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांनी दोन जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंगांतून बाहेर काढले, हाताला गोळी लागल्यावर बंदूक टाकून हातबाँबने शत्रूची ठाणी मोडली, आणि तेही क्रॉसचे मानकरी झाले. जाधव परत आले, १९८४ पर्यंत जगले. दोघांत थोर कोण, हा प्रश्नच चुकीचा आहे. पण घाडग्यांकडून काय हिरावले गेले, हे समजायचे तर जाधवांना मिळालेल्या एकोणचाळीस वर्षांकडेच पाहावे लागते. ती वर्षे क्षुल्लक असतील, तर ती गमावणारा काय गमावून बसला? परतलेल्याचे घर मोलाचे मानले, तरच पडलेल्याचा त्याग मोठा ठरतो.

तिसरी अडचण अधिक अवघड. प्रेमळ पती, कर्तव्यदक्ष पिता हे शब्द निधनाच्या बातम्यांत इतके वापरले जातात की त्यांखाली काहीही झाकता येते. युद्धाहून आलेली माणसे घरात गप्प राहतात, दचकून उठतात, कधी दारूत बुडतात, कधी हात उगारतात. शिवाय पलीकडे पडलेलाही कुणाचा तरी बाप होता. हे सगळे खरे आहे, आणि म्हणूनच स्मरण खरे असायला हवे. महाभारताने स्त्रीपर्व लिहिले, त्यात दोन्ही बाजूंच्या बायका रणभूमीवर आपापली प्रेते शोधतात, आणि जिंकलेल्या युधिष्ठिराला शेवटपर्यंत सुखाची झोप लाभल्याचे ते सांगत नाही. गृहस्थधर्म हे निष्कलंकपणाचे प्रमाणपत्र नव्हे. ज्याच्या मनात ते सगळे खदखदत होते तरी जो रोज उठून कामावर गेला, ज्याने आपला राग मुलांपर्यंत पोचू दिला नाही, किंवा पोचू दिला आणि मग माफी मागितली, त्याची झुंज आपण पाहिली नाही म्हणून ती लहान ठरत नाही. तिचे साक्षीदार घरातच असतात.

सातारा जिल्ह्यातल्या आपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या घरोघरचे लोक फौजेत जातात, आणि त्यातले पुष्कळ जण पेन्शनवर येऊन घरीच म्हातारे होतात. असा माणूस गेला की शोकसभेत त्याची पलटण, लढाई आणि पदके वाचून दाखवतात. ती जरूर वाचा. त्यानंतर त्याच्या बायकोला बोलू द्या, मुलींना आणि सुनांना बोलू द्या. घरी आल्यावर तो कसा वागला, कशावर चिडायचा, कुणासाठी काय सोडले, हे त्यांना विचारा, आणि त्या जे सांगतील ते पलटणीच्या नावाखाली तितक्याच ठळकपणे लिहून ठेवा.