लवकर उठणाऱ्यांचा शब्द

चि. सोनूस,

तुझा निरोप काल वाचला. शेक्सपिअरचं 'ट्वेल्फ्थ नाइट' हे नाटक वाचताना 'बिटाइम्स' हा शब्द अडला, मोबाइलनं 'अधूनमधून' असा अर्थ सांगितला, तो तू समासात शाईनं लिहूनही टाकलास, आणि मग सर टोबीचं बोलणं काही केल्या लागेना तेव्हा आजोबा आठवले! आठवले हे बरंच झालं गं. फक्त शाईला हात घालायच्या आधी चार ओळी पुढे वाचून पाहत जा, एवढंच म्हणतो. तो अर्थ अगदी खोटा नाही. आयर्लंड-अमेरिकेकडे काही जण तसा वापर करतात. पण शेक्सपिअरच्या लेखी 'बिटाइम्स' म्हणजे लवकर, भल्या सकाळी. आता टोबी महाशयांचं बघ: मध्यरात्र टळून गेली तरी स्वारी प्यायलेली, आणि वर म्हणणं काय, तर एवढ्या उशिरापर्यंत जो जागा तो लवकर उठल्यातच जमा! (तुझ्या बाबांनी कॉलेजात असताना हाच युक्तिवाद माझ्यापुढे केला होता, तोही शेक्सपिअर न वाचता.)

शब्दाची घडण साधी आहे. 'बाय' आणि 'टाइम' एकत्र आले, म्हणजे वेळेला धरून. उच्चारताना जोर 'टाइम्स'वर द्यायचा. शेवटचा 'एस' अनेकवचनाचा नव्हे, तो मागाहून चिकटला. जुन्या इंग्रजीत षष्ठीच्या प्रत्ययानं क्रियाविशेषणं होत, त्या वळणाचा तो आहे; 'नाउअडेज'मध्ये तो आहे, 'वन्स' आणि 'ट्वाइस'मध्ये तर वेगळ्या स्पेलिंगखाली लपून बसलाय. तुला हे परकं वाटायचं कारण नाही. तुझी पणजी 'दुपारचं झोपू नये, रात्रीचं नख काढू नये' म्हणायची, त्यातला 'चं' षष्ठीचाच ना?

पण हा शब्द खऱ्या अर्थानं नांदला तो सॅम्युएल पीप्सच्या रोजनिशीत. (स्पेलिंग पाहून 'पेपिस' म्हणू नकोस हो.) लंडनच्या आरमार-कचेरीतला हा कारकुनी हुद्द्याचा माणूस, 1 जानेवारी 1660 पासून 1669 च्या मेअखेरपर्यंत त्यानं लघुलिपीत रोजनिशी लिहिली, आणि कितीतरी दिवसांची नोंद 'उठलो' आणि 'बिटाइम्स' अशा दोन शब्दांनीच सुरू होते. जुलै 1662 मधला पीप्स मला फार आवडतो. वय एकोणतीस, केंब्रिजची पदवी गाठीशी, आरमारासाठी लागणाऱ्या मालाच्या खरेदीवर नजर ठेवायचं काम, आणि गृहस्थाला पाढे येत नाहीत! मग त्यानं काय करावं? एका जहाजावरच्या कूपर नावाच्या माणसाची शिकवणी लावली, आणि पहाटे चारला उठून, कचेरीची गडबड सुरू व्हायच्या आत, शाळकरी पोरासारखे पाढे घोकायला बसला. गणितात बाकी काही अडत नाही, अडतात ते पाढेच, असं त्यानं सरळ लिहून ठेवलंय. लाजला नाही, आणि हे काय चार दिवसांत उरकू असंही म्हणाला नाही. पुढच्या वर्षी तोच माणूस आपल्या बायकोला बेरीज, वजाबाकी, गुणाकार शिकवत बसलेला दिसतो. वर्षअखेरीला स्वतःच्या शिलकीचा हिशेब मांडायचीही त्याला सवय होती. तुझ्या डब्यातल्या सुट्ट्या पैशांची वही अजून चालू असेलच, ते विचारत नाही.

लवकर उठणं वेगळं आणि घाई वेगळी, हे त्या पहाटेच्या पाढ्यांत मला नेहमी दिसतं. ज्याच्या हातात सकाळ आहे त्याला धावावं लागत नाही. तू उठतेस लवकर, ते मला ठाऊक आहे. पण उठल्या उठल्या पळत सुटतेस, पोह्यांची बशी अर्धी टाकून, तेवढं जरा पाहा.

थोड्या पुढच्या छटेत हाच शब्द 'वेळीच' असाही होतो, म्हणजे उशीर व्हायच्या आत. 1611 च्या इंग्रजी बायबलात, नीतिसूत्रांच्या तेराव्या अध्यायात, बापानं लेकराला वेळीच शिस्त लावावी म्हटलंय तिथे तो आहे. (छडीचा उल्लेखही आहे त्यात, तो मला पटत नाही.) 'हॅम्लेट'च्या शेवटच्या अंकात द्वंद्वाला निघण्याआधी राजपुत्र जगातून लवकर जाण्याबद्दल बोलतो, तिथेही तोच. एकच शब्द, दारूबाजाच्या तोंडी विनोदी आणि हॅम्लेटच्या तोंडी काळजाला हात घालणारा.

तू विचारलंयस की हा शब्द निबंधात वापरू का? परीक्षेच्या निबंधात नको; तिथे 'अर्ली' पुरतं, आणि तपासणाऱ्याला तुझा शब्द दागिना वाटायच्या ऐवजी उसना वाटेल. मैत्रिणीला गमतीचं पत्र लिहिताना, किंवा जुन्या काळची गोष्ट रचताना, खुशाल वापर. तो बहुधा क्रियापदाच्या मागून येतो: 'रोझ बिटाइम्स'. मात्र वाक्यात दुसरा कुठला जुनाट शब्द शेजारी बसवू नकोस. एकाच वेळी दोन पगड्या घातल्यासारखं दिसतं. आणि ज्या वाक्यात 'लवकर' की 'अधूनमधून' असा घोटाळा होईल तिथे तर मुळीच नको.

समासातली ती शाई खोडू नकोस, खाली दुसरा अर्थ बारीक अक्षरात लिही. पीप्सची रोजनिशी माझ्याकडे एका खंडात आहे, संक्षिप्त. तुझ्या आत्याबरोबर पाठवतो. रोज एक-दोन पानं वाच, त्याहून जास्त नको. 1666 च्या लंडनमधल्या आगीपर्यंत पोचलीस की कळव. त्या रात्री मोलकरणीनं तीनला उठवून आग दाखवली, तर हा लवकर उठणारा गृहस्थ 'लांब आहे' म्हणून परत झोपला होता!

आजीनं मेतकूट केलंय, तेही येतंय.

तुझे,
आजोबा