घर ही पहिली शाळा, पण शिक्षक कोण?



मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली, शाळा बंद पडल्या आणि उदगीरमधील आमच्या घराचाही वर्ग झाला. तेव्हा मनात विचार आला की, मुलांना यापुढेही घरीच शिकवावे. बाहेरची शिवीगाळ नको आणि वाईट संगतही नको. फजरची नमाज, कुरआनपठण, मग गणित आणि मराठी, असे वेळापत्रक भिंतीवर लावले.

एके सकाळी मुलगा झोपून राहिला आणि मोबाईलवरचा तास बुडाला. बाईंचा फोन आला, तेव्हा मी सहज सांगून टाकले, "नेटवर्क नव्हते." मुलगा शेजारीच बसला होता. दोन दिवसांनी गावाहून दादीचा फोन आला. खेळ सोडून बोलण्याची त्याची इच्छा नव्हती. "दादी, नेटवर्क नाही," एवढे म्हणून त्याने फोन बंद केला. वेळापत्रकात नसलेला हा धडा त्याने एकदाच ऐकून आत्मसात केला होता. ज्या वाईट संगतीपासून मी त्याला वाचवू पाहत होतो, ती संगत माझीच होती.

अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात हजरत अब्दुल्लाह बिन आमिर (रजि.) यांच्या बालपणीची एक आठवण आहे. आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) त्यांच्या घरी आलेले होते. 'ये, तुला काही देते,' अशा अर्थाची हाक आईने अब्दुल्लाहना मारली. काय देणार होतीस, असे पैगंबरांनी (स.) विचारले. खजूर देण्याचा विचार असल्याचे तिने सांगितले. काहीच दिले नसते, तर तुझ्या नावे एक असत्य नोंदले गेले असते, असे त्यांनी तिला बजावले. लहान मुलाशी बोललेली थापही अल्लाहच्या दरबारी थापच ठरते.

सूरह अत्-तहरीमच्या सहाव्या आयतीत श्रद्धावंतांना नरकाग्नीपासून बचाव करण्याची आज्ञा आहे. त्यातील क्रम लक्षात घ्या: आधी स्वतःला, मग कुटुंबीयांना. आपण मात्र हा क्रम उलटा करतो. मुलाला नमाजला उठवतो आणि स्वतः कूस बदलतो. त्याला मोबाईल ठेवायला सांगतो आणि आपली मान मोबाईलमधून वर निघत नाही.

म्हणून शाळा की घर, हा प्रश्न मला आता दुय्यम वाटतो. शिक्षण हक्क कायदा २००९ ने ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शाळेचा हक्क दिला आहे. माझी मुलेही शाळा उघडल्यावर पुन्हा शाळेत गेली. पण शाळेत शिकणारे मूलही उरलेले तास आपल्याच घरी काढते आणि तिथे आपण रजेवर जाऊ शकत नाही.

त्या दिवशी मी मुलासमोर बाईंना फोन करून खरे काय ते सांगितले आणि माफी मागितली. जीभ जड झाली होती. नंतर त्याने स्वतःहून दादीला फोन लावला.

वाचकहो, चूक आपल्या हातून होणारच. पण आपण ती कबूल करतो, हे आपल्या मुलांनी कधी पाहिले आहे काय? अल्लाह आपल्याला आधी स्वतःला सुधारण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.