रात्री, पाय काढल्यावर

दार लावून घ्या. हार्बर लोकलची गर्दी, स्टेशनचा जिना, रिक्षाची रांग, सगळं बाहेर राहू द्या. पलंगाच्या कडेला बसा. घाई नाही.

आता कृत्रिम पाय काढा. त्याच्या सॉकेटमधून स्टंप, म्हणजे पायाचा उरलेला भाग, सुटतो तेव्हाचा मोकळेपणा तुमच्या ओळखीचा आहे. त्यात थोडं थांबा. श्वास सावकाश घ्या, सावकाश सोडा.

उघड्या स्टंपवर तळहात ठेवा. ही कातडी तळव्याची नव्हे, तरी दिवसभर तिनं तळव्याचं काम केलं. खाडीकाठच्या दमट हवेत, सॉकेटखालच्या मऊ लायनरच्या आत, घामात. हाताची ऊब तिला मिळू द्या.

आरसा घ्या, मागची बाजू बघा. लाली असेल तर घाबरू नका, घड्याळ बघा. दहा-पंधरा मिनिटांत ती मावळली तर तो दाबाचा साधा ठसा. रेंगाळली किंवा फोड दिसला, तर सॉकेट तिथे चावतंय. मधुमेह असेल तर दुखण्याची वाट पाहू नका, डोळ्यांनीच तपासा.

कोमट पाणी आणि बिनवासाचा सौम्य साबण घ्या. स्टंप धुवा, साबण पूर्ण निघू द्या, मऊ पंच्यानं टिपा. हे काम रात्रीचंच, कारण सकाळी धुतली तर ओलसर कातडी फुगते आणि सॉकेटमध्ये घासली जाते. मग लायनर धुवा, स्टंपचे मोजे धुवा. पावसाळ्यात मोजे लवकर वाळत नाहीत, म्हणून जास्तीचे जोड ठेवा. गुडघ्याखालून पाय गेला असेल तर झोपताना गुडघ्याखाली उशी घेऊ नका. वाकलेला गुडघा तसाच आखडतो.

आता उद्याचा दिवस मनात आणा. स्टंपचं माप दिवसभर एकच राहत नाही. सकाळी नीट बसलेलं सॉकेट दुपारनंतर ढिलं होतं, कारण आतला स्टंप आक्रसतो. पिशवीत एक पातळ मोजा असू द्या. पाय आत घसरतोय असं वाटलं, की नेरुळच्या फलाटावरच्या बाकावर बसा आणि मोजा चढवा. लोक बघतील. बघू देत.

१९६८ च्या सुमारास जयपूरमध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी एक पाय घडवला. आपली माणसं उकिडवी बसतात, मांडी घालतात, अनवाणी चालतात, हे पाहून त्यांनी तो बेतला. पाय माणसासाठी असतो, हे त्यांनी आधी धरलं. तुम्हीही तेच धरा. टोचणारं सॉकेट सोसत राहणं म्हणजे सवय होणं नव्हे. मोज्यांवर मोजे चढवूनही पाय ढिलाच राहत असेल, तर सॉकेट बदलायची वेळ झाली आहे.

पुन्हा एकदा तळहात ठेवा. डोळे मिटा. तीन श्वास.

सकाळी कातडी बरी दिसली तरच पाय घाला. लाली तशीच असेल, तर कुबड्या घ्या आणि पाय बनवणाऱ्याला तो स्टंप, ते सॉकेट दोन्ही दाखवा. उद्यावर टाकू नका.