आधी खर्ज कमी करा

१९६४च्या सुमाराची गोष्ट. उत्तर लंडनच्या मुसवेल हिल भागात राहणाऱ्या डेव्ह डेव्हिस या सतरा वर्षांच्या मुलानं दाढीचं ब्लेड घेतलं आणि आपल्या लहानशा एल्पिको अँपच्या स्पीकरचा कागदी कोन चिरला. त्या फाटक्या स्पीकरचा फरफरणारा आवाज त्यानं मोठ्या व्हॉक्स अँपमध्ये सोडला. त्याच्या 'द किंक्स' या बँडचं 'यू रिअली गॉट मी' हे गाणं त्या आवाजावर उभं आहे. १९६४च्या सप्टेंबरात ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं.

अँप बनवणाऱ्यांच्या लेखी हा निव्वळ बिघाड. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचे लिओ फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. आवाज जितका स्वच्छ तितका अँप चांगला, असा त्यांचा सरळ हिशेब. वादकांनी मात्र आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलं आणि त्या स्वच्छ अँपमधून जो गुरगुरता, लांबत जाणारा स्वर बाहेर पडला त्याच्या ते प्रेमात पडले. तेव्हापासून हौशी माणसं हातात सोल्डरगन घेऊन या दोषाला हवा तसा आकार देत बसली आहेत.

व्हॉल्व्हच्या रेडिओवर ज्यांची सकाळ उजाडायची त्यांना ती काचेची, तापायला वेळ घेणारी, आतून मंद तांबूस दिसणारी नळी आठवत असेल. रेडिओतून ती केव्हाच निवृत्त झाली. गिटारच्या अँपमध्ये अजून नोकरीवर आहे. तारेकडून येणारा क्षीण संकेत मोठा करणं हे तिचं काम. १२एएक्स७ ही त्यातली सगळ्यांत परिचित, कागदोपत्री शंभरपट वाढवणारी. पण तिला पुरवलेल्या व्होल्टेजला मर्यादा असते. मागणी त्यापलीकडे गेली की लहरीचा माथा छाटला जातो, आणि त्या छाटण्यातून मूळ संकेतात नसलेले स्वर जन्माला येतात. आपण ज्याला डिस्टॉर्शन म्हणतो ते हे.

हे नवे स्वर कुठून येतात, ते आकड्यांत पाहण्यासारखं आहे. रॉकचे गिटारवादक पुष्कळदा फक्त षड्ज आणि पंचम एकत्र छेडतात. समजा षड्ज ११० हर्ट्‌झचा, पंचम साधारण १६५चा. छाटणीत या दोघांची वजाबाकी तयार होते, ५५. म्हणजे खालच्या सप्तकातला षड्ज, जो कुणी वाजवलेलाच नाही! बेरीजही तयार होते, २७५. ही ५५ची पाचपट, म्हणजे गंधार. तंबोऱ्याची जवारी नीट लागली की खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तोही पाचपटीचाच. मार्ग वेगळा, नातं तेच. तंबोऱ्यात एकाच तारेच्या पोटातले स्वरांश वर येतात. अँपमध्ये दोन तारांच्या भांडणातून तिसरा निघतो. आता त्याच जोडीत गिटारवरचा गंधार मुद्दाम वाजवून पाहा. तो आपल्या शुद्ध गंधारापेक्षा किंचित चढा, सुमारे १३८.६. वजाबाक्या होतात २८.६ आणि २६.४, एकमेकींना न जुळणाऱ्या, आणि खाली नुसती घरघर उठते. भरपूर डिस्टॉर्शनमध्ये वादक गंधार का टाळतात, याचं उत्तर या वजाबाकीत आहे.

इथंच अँपमध्ये फेरफार करणाऱ्यांची पहिली चूक होते. आवाज अधिक जहाल हवा, तर गेन, म्हणजे संकेत मोठा करण्याचं प्रमाण, वाढवा, असं साहजिकच वाटतं. गेन वाढतो, आणि आवाज जहाल होण्याऐवजी गिचमिड होतो. कारण तारेतला सगळा खर्ज जशाच्या तसा छाटणीच्या तोंडी जातो, आणि खालच्या दणकट लहरी छाटल्या जाताना वरच्या नाजूक स्वरांनाही सोबत फरफटत नेतात. मग लोक पुढचं बेसचं बटण कमी करतात. उपयोग होत नाही. आमटी खारट झाल्यावर मीठ काढता येत नाही.

उपाय अगदी स्वस्त आहे. पहिल्या नळीच्या कॅथोडला एक कपॅसिटर जोडलेला असतो. जुने रेडिओ मेकॅनिक त्याला कंडेन्सर म्हणायचे. फेंडरच्या अनेक अँपमध्ये तो २५ मायक्रोफॅरडचा. त्याच्यामुळे खर्जापासून तारस्वरांपर्यंत सगळ्यांना सारखा जोर मिळतो. तो काढून ०.६८चा लावला की खर्जाचा जोर कमी होतो, मधल्या आणि वरच्या स्वरांचा तसाच राहतो. छाटणीला आता हलका संकेत मिळतो आणि प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. खर्ज हवाच असेल तर छाटणीनंतर, टोनच्या बटणानं किंवा मोठ्या स्पीकरपेटीनं परत आणता येतो. क्रम महत्त्वाचा: आधी कमी करा, मग छाटा, मग भरा. मार्शल या ब्रिटिश कंपनीच्या साठच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या लीड अँपमध्ये हाच ०.६८ बसला, आणि रॉकचा तो प्रसिद्ध, दात असलेला आवाज घडण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

मार्शलची कथा तशी गमतीचीच. जिम मार्शल हे ड्रम वाजवणारे, ड्रम शिकवणारे. पश्चिम लंडनच्या हॅनवेलमध्ये त्यांचं वाद्यांचं दुकान. १९६२मध्ये केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन या साथीदारांबरोबर त्यांनी फेंडरच्या बासमन अँपवरून आपला अँप बेतला. बासमन खरं तर बास गिटारसाठी होता, पण साध्या गिटारवाल्यांनीच तो डोक्यावर घेतला होता. नकलेत काही बदल शिरले. पहिल्या जागी कमी गुणकाच्या १२एवाय७ऐवजी १२एएक्स७, पुढे केटी६६ या ब्रिटिश नळ्या, उघड्या पाठीच्या पेटीऐवजी बंद पेटी, दहा इंची जेन्सेन स्पीकरऐवजी बारा इंची सेलेस्टियन. आराखडा जवळजवळ तोच, आवाज निराळा. मला हे फार आवडतं: उसन्या आराखड्यातून निघालेल्या या अँपनं आवाजाचं एक स्वतंत्र घराणं उभं केलं.

सोल्डरला हात न लावता करण्यासारखा फेरफारही आहे. १२एएक्स७च्या जागी १२एटी७ (गुणक ६०) किंवा १२एवाय७ (सुमारे ४५) बसवून पाहा. पिना सारख्याच असतात. गेन कमी होतो आणि कित्येकदा आवाज सुधारतो. हाताळणीला दाद देणारा अँप हवा असेल, तर माझ्या मते सुरुवात इथून करावी. महागडे, नामांकित कपॅसिटर शोधण्यात मात्र पैसे घालवू नयेत. किंमत कानाला कळत नाही, मायक्रोफॅरड कळतात. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर सुधारणा कशामुळे झाली हे सांगता येणार नाही.

शेवटी, हे वाचून कुणाला आजच पेचकस उचलावासा वाटला, तर जरा थांबा. प्लग काढल्यावरही या अँपच्या फिल्टर कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास भार साठून राहू शकतो, आणि तो जीव घेऊ शकतो. तो रेझिस्टन्समधून उतरवून, मीटरवर शून्याच्या जवळ दिसल्याशिवाय आत बोट घालू नका. हे येत नसेल तर जाणत्या मेकॅनिककडून काम करून घ्या. स्पीकर जोडल्याशिवाय अँप चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि काढलेला जुना कपॅसिटर फेकू नका. पाकिटात घालून, वर तारीख टाकून अँपच्याच पेटीत चिकटवून ठेवा. उद्या अँप विकलात, तर घेणाऱ्याला मूळ आवाज हवा असेल.